गिटारच्या वायरिंगसाठी सोल्डरिंग स्टेशन: निवड, तपासणी आणि पॉटच्या पाठीवरचा पहिला सांधा

इलेक्ट्रिक गिटारच्या पोटातली वायरिंग तशी साधी असते. दोन-तीन पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारे भाग), दोन ते चार पॉट (व्हॉल्यूम आणि टोनच्या खुंट्यांखालचे फिरते रेझिस्टर), एक सिलेक्टर स्विच, एखाद-दुसरा कॅपॅसिटर आणि जॅक. फोनच्या बोर्डावर असतात तसे मुंगीएवढे भाग इथे नसतात, म्हणून कुठलंही आयर्न चालेल असं वाटतं. अडचण येते ती उलट बाजूने. इथले काही सांधे फार मोठ्या धातूवर असतात आणि त्या धातूला लागूनच उष्णता न सोसणारं प्लास्टिक, मेण किंवा कार्बनचा पट्टा असतो. छोट्या आयर्नने मोठा सांधा करायला गेलं की वेळ लागतो, आणि त्या वेळात आतला भाग खराब होतो. त्यामुळे स्टेशन निवडताना त्याचा डिस्प्ले पाहण्याआधी आपल्या गिटारमधला सगळ्यात अवघड सांधा कोणता आहे ते पाहा.

आधी सांधे ओळखा

कंट्रोलचं झाकण किंवा पिकगार्ड उघडा आणि सांधे तीन गटांत मोजा.

पहिला गट सोपा: पॉटचे तीन पाय, स्विचचे लग (वायर जोडायच्या धातूच्या पात्या), जॅकचे लग. धातू थोडा आणि पातळ. ३३० ते ३५० अंशांवर एक-दोन सेकंदांत काम होतं. जवळपास कुठलंही बऱ्यापैकी स्टेशन हे करतं.

दुसरा गट म्हणजे पॉटची पाठ. पॉटचं धातूचं कवच शिल्डिंगचं काम करतं आणि बहुतेक गिटारमध्ये सगळ्या ग्राउंड वायरी त्याच्यावरच जोडलेल्या असतात. मोठ्या, साधारण २४ मिलिमीटरच्या पॉटची पाठ ताटलीसारखी उष्णता पसरवते. १६ मिलिमीटरचे छोटे पॉट लवकर तापतात, पण आतला कार्बनचा पट्टाही तितक्याच लवकर तापतो.

तिसरा गट स्टेशनची खरी परीक्षा घेतो. लेस पॉल पद्धतीच्या काही गिटारमध्ये चारही पॉट एकाच धातूच्या पत्र्यावर बसवलेले असतात. तिथे एका पॉटला दिलेली उष्णता पत्रा आपल्याकडे ओढून घेतो. स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या गिटारमध्ये मागच्या बाजूला ट्रेमोलोच्या स्प्रिंगा जिथे अडकवतात त्या पोलादी पट्टीवर, म्हणजे क्लॉवर, ब्रिजची ग्राउंड वायर जोडलेली असते. ही पट्टी पॉटच्या पाठीपेक्षाही हट्टी. हमबकरचं, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपचं, धातूचं कव्हर त्याच्या तळपट्टीपासून सोडवणं हेही याच गटातलं काम, पण आत मेण आणि केसाहून बारीक वायरीचं कॉइल असल्यामुळे नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

वॅट आणि अंश वेगळे

स्टेशनवर ४८० अंश लिहिलेलं असलं म्हणून ते ताकदवान ठरत नाही. अंश म्हणजे टीप, म्हणजे आयर्नचं टोक, किती तापते. वॅट म्हणजे धातूने टीपची उष्णता ओढून घेतल्यावर ती किती झटकन भरून निघते. पॉटच्या पाठीला टेकवल्याक्षणी टीपचं तापमान घसरतं. ६० ते ७० वॅटचं तापमान-नियंत्रित स्टेशन ती घसरण लगेच भरून काढतं. २५ वॅटचं, थेट प्लगमध्ये लावायचं साधं आयर्न दोन्ही बाजूंनी त्रास देतं: नुसतं पडून असताना ते गरजेपेक्षा जास्त तापून टीप काळी करतं, आणि पाठीवर टेकवलं की थंड पडतं.

नवखे इथे हमखास चुकतात. पॉट जळू नये म्हणून तापमान कमी ठेवतात आणि मग पंधरा-वीस सेकंद आयर्न दाबून धरतात. तेवढ्या वेळात उष्णता पाठीवरून आत शिरते, ग्रीस पातळ होऊन वाहतं, कार्बनचा पट्टा बिघडतो आणि पॉट फिरवताना खरखर यायला लागते. ३८० ते ४०० अंशांवर जाड टीपने तीन-चार सेकंद हा मार्ग ३२० अंशांवर पंधरा सेकंदांपेक्षा सुरक्षित आहे.

म्हणून घरगुती गिटारकामासाठी ६० ते ७० वॅट हा आकडा धरा. ४० वॅटच्या खालचं स्टेशन लगपुरतं ठीक. १०० वॅटच्या वरचं घेण्याची गरज नाही, मात्र क्लॉसारख्या कामात त्याचा उपयोग होतो.

तीन प्रकार, आणि त्यातला कुठला

बाजारातली बहुतेक स्टेशनं तीन घराण्यांत बसतात.

पहिलं घराणं ९३६ पद्धतीचं, म्हणजे हाक्कोच्या जुन्या ९३६ मॉडेलसारखं. सिरॅमिक हीटरची कांडी आणि तिच्यावर टोपीसारखी बसणारी टीप. हाक्कोचं एफएक्स-८८८डी आणि वेलरचं डब्ल्यूई१०१०, दोन्ही ७० वॅटची, ढोबळमानाने याच विचाराची आहेत. टिपा सुट्या आणि स्वस्त मिळतात, बिघाड झाला तर भाग बदलता येतो. दोष एवढाच की हीटर आणि टीप यांच्यात बारीक फट राहते आणि उष्णता पोचायला थोडा उशीर लागतो. नक्कल केलेल्या ९३६ मध्ये ही फट मोठी असते. डिस्प्ले ३८० दाखवतो आणि टीप त्याच्या बरीच खाली असते.

दुसरं घराणं कार्ट्रिजचं: टी१२ किंवा जेबीसीची सी२४५. यात हीटर आणि तापमान मोजणारा सेन्सर टीपच्या आतच असतो. काही सेकंदांत तापतं आणि सांध्यावर घसरण फार जाणवत नाही. टीप बदलायची म्हणजे अख्खं कार्ट्रिज बदलायचं, त्यामुळे प्रत्येक टीप महाग पडते.

तिसरं घराणं पेनासारखं, टाइप-सीवर चालणारं: पाइनसिल, टीएस१०१ वगैरे. यांची ताकद चार्जरवर ठरते. त्याच टीपला १२ व्होल्ट दिले तर २४ व्होल्टच्या साधारण एक चतुर्थांश वॅट मिळतात, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. फोनचा छोटा चार्जर लावून “हे आयर्न फालतू आहे” असं म्हणण्यात अर्थ नाही. २० व्होल्ट देणारा ६० वॅटचा चार्जर हवा. दुसरी गोष्ट, दोन पिनांच्या चार्जरवर टीपला अर्थिंग मिळत नाही.

वर्षातून दोनदा जॅक बदलायचा असेल तर पेनासारखं आयर्न चालेल. गिटार, पेडल आणि केबल सगळंच घरी करायचं असेल तर चांगल्या मेकचं पहिल्या घराण्यातलं स्टेशन घ्या. हात बसल्यावर कार्ट्रिजकडे गेलात तरी पहिलं स्टेशन वाया जात नाही. हॉट एअरची जोडी असलेलं मशीन मात्र गिटारसाठी घेऊ नका. त्या गरम हवेचा इथे उपयोग एकच, हीट श्रिंक (सांध्यावर चढवायची प्लास्टिकची नळी) आकसवणे, आणि ते लायटरनेही होतं. पिस्तुलाच्या आकाराची ट्रान्सफॉर्मर गनही टाळा. तिच्या वेढ्यातून मोठा प्रवाह वाहतो, त्याभोवती जोरदार चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि पिकअपच्या चुंबकांजवळ ते नकोच.

टीप: अर्धी निवड इथेच होते

खोक्यात बहुतेक वेळा सुईसारखी निमुळती टीप येते. ती लगेच काढून ठेवा. निमुळत्या टीपचा धातूशी संपर्क टोकापुरता असतो, उष्णता जाणार कुठून? गिटारला छिन्नीसारखी चपटी टीप लागते, जिची सपाट बाजू सांध्यावर टेकते.

दोन टिपा पुरतात. लग आणि जॅकसाठी २.४ मिलिमीटर रुंद, पॉटच्या पाठीसाठी ४ ते ५ मिलिमीटर रुंद. हाक्कोच्या पद्धतीत डी हे अक्षर चपट्या टीपचं आणि पुढचा आकडा रुंदीचा: डी२४ म्हणजे २.४ मिलिमीटर, डी५२ म्हणजे ५.२. सुरीसारखी के टीपही काहींना आवडते, तिची लांब धार पाठीवर आडवी टेकवता येते. एकच टीप घ्यायची असेल तर ३.२ मिलिमीटरची घ्या. स्टेशन पसंत करण्याआधी त्याच्या रुंद टिपा सहज मिळतात का ते पाहा. नसतील मिळत, तर ते स्टेशन सोडा.

बाकी गोष्टी झटपट: हँडलची केबल सिलिकॉनची असावी, म्हणजे मऊ राहते आणि गरम टीप लागली तरी वितळत नाही. स्टँड वजनदार असावा. पडून राहिल्यावर आपोआप तापमान उतरवणारी सोय असेल तर टिपा जास्त टिकतात. प्रीसेटची बटणं, रंगीत स्क्रीन, आलेख यांनी सांध्यात काही फरक पडत नाही.

सोबत काय लागेल

सोल्डर वायर ६३/३७ ची (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं), ०.८ मिलिमीटर जाड, आत रोझिन फ्लक्स असलेली. या मिश्रणाची खासियत अशी की ते १८३ अंशांवर एकदम वितळतं आणि एकदम गोठतं. ६०/४० त्या दोन टप्प्यांच्या मध्ये थोडा वेळ लापशीसारखं राहतं, आणि त्या क्षणी वायर हलली तर सांधा बिघडतो. शिशाविना मिळणारं सोल्डर २१७ ते २२७ अंशांच्या आसपास वितळतं, तेव्हा स्टेशन २० ते ३० अंश वर ठेवा. त्याचा चांगला सांधाही जरा मंद दिसतो, त्यामुळे नवख्याला बरा-वाईट ओळखणं जड जातं.

नळकामाचा आम्लयुक्त फ्लक्स इथे आणूच नका. तो वायर आणि लग आतून खात राहतो आणि काही महिन्यांनी वायर हातात येते.

याशिवाय: थोडा जादा रोझिन फ्लक्स, २ ते ३ मिलिमीटरची डीसोल्डरिंग विक (वितळलेलं सोल्डर शोषून घेणारी तांब्याची वेणी), डीसोल्डर पंप, टीप पुसायला पितळी काथ्या, २२ गेजची वायर, टोकदार पक्कड, २२० ते ३२० नंबरचा पॉलिश पेपर, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मल्टिमीटर. ओला स्पंजही चालतो, पण त्यावर प्रत्येक वेळी टीप एकदम थंड होते. पितळी काथ्या त्यापेक्षा बरा.

स्टेशन घरी आल्यावर, गिटारला हात लावण्याआधी

१. स्टेशन प्लगमधून काढलेलं आणि थंड असताना मल्टिमीटरची एक पिन टीपला, दुसरी प्लगच्या अर्थ पिनेला लावा. एक-दोन ओहम दिसले पाहिजेत. काहीच जोड दिसत नसेल तर स्टेशन परत करा. साध्या, पॅसिव्ह गिटारला स्थिर विजेचा धोका जवळपास नसतो, पण ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या ॲक्टिव्ह प्रीअँपला असतो. आणि अर्थिंग मुळात तुमच्या हातासाठी आहे.

२. टीप पहिल्यांदा तापताना समोर सोल्डर धरून बसा. २५० अंशांवर ठेवा आणि वितळायला लागताक्षणी टीपचं टोक सोल्डरने माखा. कोरडी टीप एकदा ४०० ला नेली की तिच्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि मग सोल्डर तिच्यावरून गोळ्या होऊन निसटतं.

३. स्टेशन २०० अंशांवर ठेवा आणि ६३/३७ ची वायर टीपला लावा. हळूहळू का होईना, ती वितळली पाहिजे. २३० लाही वितळत नसेल तर डिस्प्ले खोटं बोलतोय. बहुतेक वेळा टीप नीट आतपर्यंत बसलेली नसते. बंद करून, थंड झाल्यावर नट घट्ट करा. तरीही फरक राहिला तर पुस्तिकेतल्या पद्धतीने कॅलिब्रेशन करा.

४. शेवटची परीक्षा जुन्या, टाकाऊ पॉटवर. पाठ घासून, रुंद टीप लावून, ३८० अंशांवर सोल्डर टाका. तीन-चार सेकंदांत ते पाण्यासारखं पसरलं तर हे स्टेशन तुमच्या गिटारला पुरेसं आहे. सात-आठ सेकंद लागत असतील तर आधी टीप बदलून पाहा, मग स्टेशनला दोष द्या. याच पॉटवर पाच-सहा सांधे करून, विकने काढून, पुन्हा करा. गिटारवर शिकण्यापेक्षा हे स्वस्त.

पॉटच्या पाठीवर ग्राउंड जोडणे

केबल काढा, बॅटरी असेल तर काढा, तारा सैल करा. काही सुटं करण्याआधी दोन-तीन कोनांतून फोटो घ्या, वायरींचे रंग दिसतील असे. गिटारचं अंग पुठ्ठा आणि त्यावर जाड कापड टाकून झाका. सोल्डरचा एक थेंब पॉलिशमध्ये खड्डा करतो आणि तो निघत नाही. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण ताणलेली वायर सुटताना वितळलेलं सोल्डर उडवते.

१. पाठीवर बोटाच्या पेराएवढी जागा पॉलिश पेपरने घासा, चकाकीचा थर जाऊन धातू खरखरीत दिसेपर्यंत. अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या, ते पेट घेतं.

२. वायरीचं टोक ५-६ मिलिमीटर सोला, पीळ द्या आणि त्यावर सोल्डर चढवून घ्या. कापडी आवरणाची वायर असेल तर सोलायची गरज नाही, आवरण मागे ढकललं की झालं. शिवाय ते उष्णतेने आकसत नाही.

३. रुंद टीप पुसा, तिच्यावर सोल्डरचा छोटा ओला थेंब घ्या. टीपची सपाट बाजू पाठीवर आडवी टेकवा. तो ओला थेंबच उष्णता पलीकडे नेतो, कोरडी टीप कितीही दाबली तरी तेवढं काम करत नाही.

४. एक-दीड सेकंदाने टीप आणि पाठ जिथे भेटतात तिथे सोल्डर द्या. कडा पातळ होत डबकं पसरलं की आयर्न उचला. एवढंच. पॉटला एक मिनिट थंड होऊ द्या.

५. आता सोल्डर चढवलेली वायर त्या डबक्यावर पकडीने धरा, वरून टीप ठेवा. दोन सेकंदांत दोन्ही एकजीव होतील. टीप काढा आणि वायर चार-पाच सेकंद जराही हलवू नका. फुंकर मारू नका.

६. गार झाल्यावर वायर हलकेच ओढा. डाख सुटला तर आत्ताच सुटू दे.

दुसरा प्रयत्न लगेच करू नका. पॉट हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. क्लॉवर काम असेल तर तापमान ४२० पर्यंत न्यायला हरकत नाही, तिथे जळण्यासारखं आसपास काही नाही. फक्त लाकडाच्या कडेला पुठ्ठा लावा. आणि स्टेशन कमी ताकदीचं असेल तर पाठ सोडून द्या: पॉटच्या नटाखाली लग असलेला वॉशर बसवा आणि सगळ्या ग्राउंड त्या लगवर जोडा. विजेच्या दृष्टीने ते तितकंच चांगलं आहे.

बिघडतं ते असं

पाठीवर सोल्डरची गोल गोळी बसली आहे आणि नखाने उडते: पाठ तापलीच नव्हती, सोल्डर नुसतं वर टेकलं. फ्लक्स लावून रुंद टीपने पुन्हा वितळवा, नवं सोल्डर ओतत बसू नका.

सांधा भुरकट, दाणेदार: गोठताना वायर हलली. याला ड्राय सोल्डर म्हणतात. आज आवाज येतो, गिटार हलवली की कडकड होते.

विणलेल्या शिल्डची वायर जोडल्यावर एक पिकअप पूर्ण गप्प: शिल्ड फार वेळ तापवल्याने आतलं आवरण वितळलं आणि मधली तार शिल्डला टेकली, किंवा विणकामाचा एखादा सुटा तंतू लगला लागला. आधी तंतू शोधा.

स्विचचा लग तिरका झाला: त्याच्याभोवतीचं प्लास्टिक मऊ झालं. थंड होईपर्यंत पकडीने सरळ धरून ठेवा, पुढच्या लगला दोन सेकंदांच्या वर थांबू नका.

आवाज येतो पण घुमघुम मोठी, आणि तारांना हात लावल्यावर ती वाढते: जॅकच्या दोन वायरी उलट झाल्यात. लांब स्प्रिंगच्या लगवर हॉट, म्हणजे सिग्नलची, वायर हवी, नळीला जोडलेल्या लगवर ग्राउंड. हात लावल्यावर घुमघुम कमी होत असेल तर ग्राउंड जागेवर आहे.

झाकण लावण्याआधी मोजा

जॅकमध्ये केबल घाला, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, मल्टिमीटर २० किलोओहमवर ठेवा आणि केबलच्या दुसऱ्या बाजूच्या प्लगचं टोक व नळी यांत मोजा. सिंगल कॉइल साधारण ५ ते ८ किलोओहम, हमबकर बहुधा त्याहून जास्त. आकडा पिकअपच्या मापापेक्षा किंचित कमी येतो, कारण व्हॉल्यूमचा पॉट त्याला समांतर असतो: ७.५ किलोओहमचं पिकअप २५० किलोओहमच्या पॉटसोबत ७.२८ दाखवेल. दोन समान पिकअप एकत्र असलेल्या जागी आकडा जवळपास निम्मा होतो. शून्य आलं तर कुठेतरी शॉर्ट आहे. मीटर मर्यादेबाहेर गेलं तर रेंज वाढवा. तिथे २५० किंवा ५०० किलोओहम दिसत असेल तर तो नुसता पॉट आहे, पिकअपची वायर सुटलेली आहे. शेवटी ब्रिज आणि केबलची नळी यांत मोजा, तिथे जवळजवळ शून्य ओहम हवं.

मग अँपला जोडा आणि पिकअपच्या खिळ्यांवर स्क्रूड्रायव्हरने टकटक करा. ज्या जागेवर स्विच आहे तेच पिकअप बोललं पाहिजे.

व्हॉल्व्हचा अँप मात्र या स्टेशनच्या भरवशावर उघडू नका. प्लग काढल्यानंतरही त्यातल्या कॅपॅसिटरांत शेकडो व्होल्ट राहू शकतात.

धूर, हात आणि टीप

दिसतो तो धूर फ्लक्सचा असतो. ३५०-४०० अंशांवर शिसं वाफ होऊन उडत नाही, पण रोझिनचा धूर श्वसनमार्गाला त्रास देतो आणि वारंवार घेतल्यास दमा होऊ शकतो. डोकं सांध्याच्या अगदी वर नको, खिडकी उघडी हवी, छोटा पंखा धूर तुमच्यापासून दूर ओढेल असा ठेवा. शिसं पोटात जातं ते हातावाटे, म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

बंद करण्याआधी टीपवर सोल्डरचा जाड थर चढवा आणि तसाच गोठू द्या. पुढच्या वेळी तो पुसला की खालची टीप चकचकीत निघते. काळी पडलेली टीप कानशीने घासू नका. तिच्यावर लोखंडाचा पातळ मुलामा असतो आणि तो गेला की आतलं तांबं सोल्डरमध्ये विरघळत जातं. फ्लक्स, ताजं सोल्डर आणि पितळी काथ्या यांनी आठ-दहा वेळा प्रयत्न करूनही ती ओली होत नसेल किंवा टोकाला खळगा पडला असेल, तर नवी टीप घाला.